हप्ता लहान, मुदत मोठी

"हप्ता किती बसेल?" कर्ज काढायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि बहुतेक वेळा शेवटचाही हाच असतो. घराला स्लॅब टाकायचा असो, न्हाणीघर-संडास बांधायचे असो, फरशी बदलायची असो, की मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची असो. हप्ता महिन्याच्या मिळकतीत बसला की कर्ज परवडले, असे आपण धरून चालतो. आज मला बोलायचे आहे ते त्याच्या मागे राहून जाणाऱ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हप्ते किती वर्षे?

मी इंदापूर तालुक्यातल्या कळसचा. बी.ए. झालेला आणि कविता लिहिणारा माणूस म्हणून गावातले लोक कागद वाचायला माझ्याकडे येतात. कविता वाचायला कुणी येत नाही, कर्जाचे करारनामे घेऊन येतात. त्या वाचनातून जे समजले, तेच इथे मांडतो. मी बँकेतला माणूस नव्हे, पण बेरीज-वजाबाकी सगळ्यांची सारखीच असते.

आमच्या इंदापूर-बारामतीच्या भागात जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मृगाच्या आधी त्यावर नवी माती टाकली की पावसाळा निभावायचा. त्या डागडुजीला घरची माणसे आणि चार दिवसांची मेहनत पुरायची. मग पत्रे आले, पत्र्यांनंतर स्लॅब आला. स्लॅबला अंगमेहनत पुरत नाही. सिमेंट, सळई, वाळू, सेंट्रिंग, सगळ्याला रोख पैसा लागतो. उसाचे बिल, दुधाचा पगार, भिशी, विकलेली गाय, यांतून जमले नाही की माणूस कर्जाकडे वळतो. त्यात गैर काही नाही. फक्त माळवदाची माती दर वर्षीच्या दर वर्षी फिटत होती, आणि कर्जाची डागडुजी १५-२० वर्षे फेडावी लागते, हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

आता आकडे पाहू. कर्ज ५ लाख रुपये, व्याज वर्षाला ९ टक्के, उतरत्या शिलकेवर. दर मी हिशेबासाठी धरला आहे. तुमचा थोडा वर-खाली असेल. मुदत २० वर्षे घेतली तर हप्ता बसतो सुमारे ४,४९९ रुपये. १५ वर्षांना ५,०७१, १० वर्षांना ६,३३४ आणि ५ वर्षांना १०,३७९ रुपये. हप्त्याकडे पाहणारा माणूस २० वर्षांवर बोट ठेवतो. आता एकूण व्याज पाहा. ५ वर्षांत १ लाख २३ हजार. १० वर्षांत २ लाख ६० हजार. १५ वर्षांत ४ लाख १३ हजार. आणि २० वर्षांत ५ लाख ८० हजार, म्हणजे मुद्दलाहूनही जास्त. दर तोच, रक्कम तीच. बदलली ती फक्त मुदत.

असे का होते? पहिल्या महिन्याचा हप्ता उघडून पाहिला की कळते. ५ लाखांवर ९ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज होते ३,७५० रुपये. हप्ता ४,४९९ चा. म्हणजे मुद्दलात जमा झाले फक्त ७४९ रुपये. दुसऱ्या महिन्यात त्याहून पाच-सहा रुपये जास्त. असे मुंगीच्या पावलाने मुद्दल उतरते. १० वर्षे एकही हप्ता न चुकवता भरला, ५ लाख ४० हजार रुपये भरून झाले, आणि बाकी विचारली तर उत्तर येते: ३ लाख ५५ हजार. इथे माणूस म्हणतो, बँकेने फसवले. फसवलेले नसते. वापरायला घेतलेला पैसा जितके दिवस आपल्याकडे राहतो, तितक्या दिवसांचे भाडे लागते. आपण तो जास्त दिवस ठेवून घेतला, एवढेच.

मागे शेजारचा एक तरुण असाच कागद घेऊन आला. म्हणाला, "चाचा, घरकर्जावर वाढीव कर्ज मिळतंय, ९ टक्क्यानं. दुसरीकडं साधं वैयक्तिक कर्ज १४ टक्के सांगतात. ९ टक्क्याचंच घेऊ ना?" त्याला २ लाख हवे होते, रंग, फरशी आणि गळतीच्या कामाला. मी म्हटले, "बाळा, दर सांगितलास, मुदत सांगितली नाहीस." ९ टक्क्यांचे कर्ज १५ वर्षांचे होते, १४ टक्क्यांचे ३ वर्षांचे. आम्ही दोघांनी वहीत हिशेब मांडला. १४ टक्क्यांनी ३ वर्षांत व्याज जाते ४६ हजार. ९ टक्क्यांनी १५ वर्षांत व्याज जाते १ लाख ६५ हजार. स्वस्त दराचे कर्ज साडेतीन पट महाग पडत होते. अर्थात हप्त्यात फरक होता: एकीकडे ६,८३६ रुपये, दुसरीकडे २,०२९. त्याला पहिला हप्ता झेपत नव्हता. मग आम्ही मधला रस्ता काढला: स्वस्त दराचेच कर्ज, पण मुदत ५ वर्षे. हप्ता ४,१५२ आणि व्याज ४९ हजार.

दराच्या बाबतीतही दोन गोष्टी सांगायला हव्यात. गावात 'दोन टक्के' म्हणतात ते महिन्याचे असतात, शेकडा दोन. म्हणजे वर्षाचे २४. बँकेचे टक्के वर्षाचे. दोन्ही टक्के एका तराजूत घालू नयेत. दुसरी गोष्ट सपाट व्याजाची, ज्याला 'फ्लॅट रेट' म्हणतात. २ लाख कर्ज, १० टक्के फ्लॅट, ५ वर्षे. व्याज १ लाख, हप्ता ५,००० रुपये. ऐकायला किती सोपे. पण इथे मुद्दल फिटत आले तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण २ लाखांवरच चालू असते. उतरत्या शिलकेच्या भाषेत हा दर सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास जातो. तेव्हा कुणी दर सांगितला की विचारावे: महिन्याचा की वर्षाचा, आणि सपाट की उतरत्या शिलकेवर?

मुदत वाढवून व्याज वाढवण्याची रीत काही आजची नाही. बारामती तालुक्यातल्या सुपे गावात १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. त्यांना हवे होते ते कागद: वह्या आणि कर्जरोखे. ते त्यांनी जाळले. दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. इतिहासात हेच 'दख्खनचे दंगे'. कारणे अनेक होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला. त्यातच ३० वर्षांची जुनी जमाबंदी संपून सारा वाढला. ती जमाबंदी १८३६ मध्ये पहिल्यांदा लागू झाली होती ती आमच्याच इंदापूर तालुक्यात. पण कागद का जाळले, याचे उत्तर मुदतीत आहे.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षांपुरताच चालेल असे ठरवले. हेतू चांगला होता: व्याज साचत राहू नये. झाले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई. जुने मुद्दल अधिक थकलेले व्याज, ही नव्या रोख्यातली मुद्दल. पुढची तीन वर्षे त्या सगळ्यावर व्याज. दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून जास्त व्याज लावल्याचे एक प्रकरण त्या चौकशीत पुढे आले. कुळाला वाचता येत नव्हते. अंगठा उठवताना त्याला कळायचे ते एवढेच की आजचा दिवस टळला.

आपल्या जुन्या रिवाजात याला एक लगाम होता. दामदुपट. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून जास्त वसूल करायचे नाही, हा तो नियम. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो ऋणको हिंदू असेल तरच लावला, त्यामुळे माझ्यासारख्यांच्या घरातल्या कुळाला त्याचा आधार नव्हता. दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. त्याने शेतकरी एवढीच ओळख विचारली. न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाण्याचा अधिकार मिळाला: मूळ पैसे किती दिले, व्याज किती चढवले, हे पहिल्यापासून तपासायचे. पुढे १९४६ च्या मुंबईच्या सावकारी कायद्यानेही मुद्दलाहून जास्त व्याजाचा हुकूमनामा न्यायालयाने देऊ नये, असे ठरवले.

बँकांचे तसे नाही. बँकेने लावलेला दर फार जास्त आहे, एवढ्या कारणावरून न्यायालयाला तो व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. १९८४ पासून बँकिंग नियमन कायद्यात तसे कलमच आहे. म्हणजे १८७९ मध्ये जे दार कुळाला उघडून दिले होते, ते बँकेच्या कर्जदाराला नाही. बँक म्हणजे सावकार, असे मला म्हणायचे नाही. बँकेचा दर ठरलेला, हिशेब लेखी आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेची नजर. पण सही झाल्यावर 'व्याज फार झाले' म्हणून दाद मागता येत नसेल, तर विचारायचे ते सगळे सहीच्या आधीच विचारले पाहिजे.

दामदुपटीचा मूळ नियम थकबाकीपुरता होता, हे मान्य. तरी घरगुती मोजपट्टी म्हणून तो आजही उपयोगाचा आहे. करारातले एकूण व्याज मुद्दलाच्या जवळ जाऊ लागले की थांबावे आणि मुदत कमी करून पुन्हा हिशेब मांडावा.

बदलत्या दराच्या कर्जात मुदत आपोआप वाढण्याचा धोका असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. समजा एखाद्याने ७ टक्क्यांनी ५ लाखांचे २० वर्षांचे कर्ज नुकतेच घेतले होते. हप्ता ३,८७६ रुपये. दर अडीच टक्क्यांनी चढून ९.५ झाला, तर एका महिन्याचे व्याजच होते ३,९५८. हप्ता तोच ठेवला तर तो व्याजालाही पुरत नाही. उरलेले व्याज मुद्दलात मिसळते. १८७५ चा रोखा आठवा. त्या काळात अनेकांच्या हप्त्याचा आकडा तोच राहिला आणि मुदत मात्र पुढे सरकत गेली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये यावर नियम केला. दर बदलताना कर्जदाराला कळवायचे, आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे त्याला निवडू द्यायचे. मुदत वाढवल्याने मुद्दल फुगता कामा नये. दर तिमाहीला किती फिटले, किती हप्ते उरले, याचे पत्रक द्यायचे. २०२५ मध्ये रेपो दर उतरत वर्षअखेर ५.२५ टक्क्यांवर आला. दर उतरतो तेव्हाही हाच प्रश्न विचारावा. हप्ता कमी करून घेण्यापेक्षा तोच हप्ता चालू ठेवून मुदत कमी करून घेणे बहुतेकांच्या हिताचे असते.

हे सगळे इतके खोलात जाऊन सांगण्याचे कारण घर आहे. शेतकऱ्याच्या मनात भीती असते ती जमीन जाण्याची. पण २००२ च्या ज्या कायद्याने बँकेला न्यायालयात दावा न लावता तारण ताब्यात घेता येते, त्यात शेतजमिनीला सूट आहे, घराला नाही. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खाते अनुत्पादक ठरते, मग ६० दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर ताबा. पूर्वी गावठाणातल्या घराला पक्का कागद नसे, म्हणून ते तारणातही जात नसे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी होऊन घरांचे मालमत्ता पत्रक मिळू लागले. कर्ज मिळण्याची सोय झाली, ही चांगलीच गोष्ट. पण त्याच कागदाने घर तारणाच्या वाटेवर आले, हेही ध्यानात असू द्या. गळणारा स्लॅब दुरुस्त करायला आख्खे घर किती वर्षे गहाण ठेवायचे, असा तो प्रश्न आहे.

आणि फेडणार कोण? ४५ व्या वर्षी घेतलेले २० वर्षांचे कर्ज ६५ व्या वर्षी फिटते. शेवटचे हप्ते मुलाच्या खिशातून जाणार असतील तर त्याला आजच विचारायला हवे, आणि जामीनदारालाही. आमच्या धर्मात व्याज घेणे आणि देणे दोन्ही निषिद्ध. तरी आजच्या व्यवहारात त्यापासून दूर राहणे किती जणांना जमते, हे मी पाहतो आहे. पण एक रिवाज टिकून आहे. जनाज्याच्या वेळी घरातला माणूस पुढे होतो आणि जमलेल्यांना सांगतो: यांचे कुणाचे देणे राहिले असेल तर आम्हाला सांगा, आम्ही देऊ. आमच्या शेजारच्या हिंदू घरांतही बापाचे ऋण मुलाने फेडावे ही भावना तितकीच खोल आहे. ते देणे दहा-वीस हजारांचे असेल तर मुलगा ताठ मानेने बोलतो. दहा वर्षांचे हप्ते उरले असतील तर त्याचा आवाज कसा निघेल?

आता करायचे काय, ते थोडक्यात. पहिले, कामाच्या आयुष्याकडे पाहा. रंग चार-पाच वर्षे टिकतो, तर त्याचे कर्ज त्याआधी फिटले पाहिजे. रंग उडाला आणि हप्ता राहिला, असे होऊ नये. स्लॅब, वाढीव खोली ही पुढची अनेक वर्षे टिकणारी कामे. त्यांना १० वर्षे शोभतात. नवे घरच बांधायचे असेल तर लांब मुदत घ्यावी लागते, त्याला इलाज नाही. ज्याची मिळकत तोकडी आहे त्यानेही हप्ता चुकण्यापेक्षा लांब मुदत घेतलेली बरी. महागाईमुळे २० वर्षांनंतरचा ४,५०० चा हप्ता आजच्याइतका जड वाटणार नाही, हेही खरे.

दुसरे, लांब मुदत घेतली तरी ती पूर्ण वापरलीच पाहिजे असे नाही. आपली मिळकत महिन्याची नाही, हंगामाची आहे; उसाचे बिल एकरकमी येते. त्यातले काही मुद्दलात भरा. वरच्याच २० वर्षांच्या कर्जात पहिले वर्ष संपताना ५० हजार जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर सुमारे ५० हप्ते कमी होतात आणि निव्वळ पावणेदोन लाखांची बचत होते. भरताना लेखी सांगा: हप्ता कमी नको, मुदत कमी करा. बदलत्या दराच्या घरकर्जावर बँकांना मुदतपूर्व फेडीचा दंड २०१२ पासून घेता येत नाही. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या, धंद्यासाठी नसलेल्या अशा वैयक्तिक कर्जांना ही सवलत सहकारी बँका आणि वित्त कंपन्यांकडेही आहे. स्थिर दराच्या कर्जाला दंड असू शकतो, तो आधी विचारा.

तिसरे, कागद. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जदाराला 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे मुख्य बाबींचे पत्रक, त्याला समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे. मराठीत मागा. त्यात सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर आणि हप्त्यांचा तक्ता असतो. त्यात न लिहिलेला आकार तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. तिथे सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावे लागते, म्हणून तिथला कागद दुप्पट काळजीने वाचा. आणि कर्ज फिटले की घराची कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम २०२३ चा आहे. घरावरचा बोजाही त्याच वेळी उतरवून घ्या.

कर्ज, मुदत, हप्ता, जामीन, वसूल हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. 'व्याज' मात्र संस्कृतातला, आणि त्याचा जुना अर्थ निमित्त किंवा कपट. म्हणून तर ज्या प्रेमात काही मतलब नाही त्याला आपण निर्व्याज म्हणतो. बँकेकडून निर्व्याज प्रेमाची अपेक्षा कुणी करू नये. तिने हिशेब उघडा ठेवावा, एवढीच अपेक्षा, आणि तो वाचणे आपले काम. मुख्य बाबींचे पत्रक हातात पडल्यावर किमान तीन कामाचे दिवस विचाराला मिळतात. ते घरी न्या, बायको-मुलांसमोर ठेवा, आणि हप्त्याचा आकडा सर्वांत शेवटी वाचा.